प्रत्येक वेळी गॅसच कमी नसतो

गाडीचा एसी थोडा वेळ गार हवा देतो, मग कोमट, मग पुन्हा गार. या तक्रारीवर सुरतेत सर्रास मिळणारे उत्तर एकच आहे : गॅस कमी झाला, भरून घ्या. लग्नसराईत उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांतून खानदेशाकडे निघणाऱ्या कितीतरी गाड्या असा गॅस भरूनच निघतात, आणि नवापूर येईपर्यंत त्यांतल्या काहींच्या काचा पुन्हा खाली झालेल्या असतात. पैसे गेले, उकाडा राहिला आणि दोष जिथे होता तिथेच राहिला.

हे तयार उत्तर तपासून पाहिले तर टिकत नाही. अधूनमधून गार होणे या लक्षणामागे निदान सात-आठ वेगवेगळे दोष असू शकतात. गॅस कमी असणे हा त्यांतला एक, आणि तोही मूळ दोष नव्हे, कारण गॅस कमी होण्यामागे गळती असते. तरीही तपासणीआधीच गॅसची नळी जोडली जाते. या पद्धतीच्या समर्थनासाठी चार युक्तिवाद नेहमी केले जातात. ते एकेक करून पाहणे आवश्यक आहे.

गॅस संपत नाही

पहिला युक्तिवाद असा, की इंजिनाचे ऑइल जसे ठरावीक काळाने बदलावे लागते तसा एसीचा गॅस दर उन्हाळ्यात भरावाच लागतो. हे मुळातच चूक आहे. एसीचे मंडल बंद असते. कॉम्प्रेसर गॅस दाबतो. पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून द्रव होतो. ड्रायरमधून गाळून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्राशी येतो, तिथे त्याचा दाब एकदम उतरतो, आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळताना तो केबिनमधली उष्णता शोषून घेतो. पुन्हा वायू होऊन तो कॉम्प्रेसरकडे परततो. या फेऱ्यात तो जळत नाही, झिजत नाही, खर्च होत नाही. घरातला फ्रिज दहा-दहा वर्षे गॅस न भरता चालतो तो याच कारणाने.

फ्रिज आणि गाडी यांत एक फरक मात्र आहे. फ्रिजचा कॉम्प्रेसर पूर्ण सीलबंद असतो. गाडीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, त्याचा दांडा सीलमधून बाहेर येतो, आणि इंजिनाची थरथर सहन करायला काही पाइप रबरी ठेवावे लागतात. या सीलमधून आणि रबरातून थोडा गॅस झिरपतो. तो किती असावा याचा एक मापदंड उपलब्ध आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमाने एक कूलिंग कॉइल असलेल्या गाडीसाठी वर्षाला ४० ग्रॅम ही गळतीची कमाल मर्यादा ठरवली. लहान गाड्यांत साधारण ३५० ते ५५० ग्रॅम गॅस असतो. मर्यादेइतका गॅस झिरपला असे धरले तरी ४५० ग्रॅमच्या गाडीतून पाचवा हिस्सा जायला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. ज्या गाडीला दर उन्हाळ्यात गॅस लागतो, त्या गाडीला गळती आहे. आणि गळती असलेल्या मंडलात नुसता गॅस ओतणे ही दुरुस्ती नव्हे.

भरल्यावर गार झाले, म्हणून कमीच होता

दुसरा युक्तिवाद अनुभवाचा आहे आणि म्हणून सर्वांत पटणारा आहे. गॅस भरला आणि एसी गार झाला, तेव्हा गॅसच कमी असणार, असे गाडीमालक आणि मेकॅनिक दोघेही मानतात. थांबून थांबून येणाऱ्या दोषाबाबत हा पुरावा धरता येत नाही. असा दोष काहीही न करता आपोआप बरा होतो, हेच तर त्याचे लक्षण आहे. त्या वेळी जे केले गेले असेल त्याला श्रेय मिळते.

गॅरेजमध्ये प्रत्यक्षात काय घडते ते पाहावे. गाडी येऊन अर्धा तास उभी राहते. तेवढ्यात कूलिंग कॉइलवर बर्फ धरला असेल तर तो वितळून जातो. तापलेली मॅग्नेटिक क्लचची कॉइल निवते. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी गोठलेले पाण्याचे कण मोकळे होतात. मेकॅनिकचा हात लागून सैल रिले किंवा कनेक्टर नीट बसतो. त्यानंतर एसी सुरू केला की तो गारच लागणार, मग त्यात नवा गॅस गेलेला असो वा नसो. गॅस भरल्याचा उपयोग झाला की गाडी उभी राहिल्याचा, हे या एका चाचणीवरून कळत नाही. दोन दिवसांनी दोष परत आला, तर गॅस हे कारण नव्हते असा निष्कर्ष निघायला हवा. प्रत्यक्षात पुन्हा गॅसच भरला जातो.

गेजने दाखवले

तिसरा युक्तिवाद उपकरणाचा आधार घेतो : गेज लावला, दाब कमी दिसला. इथे प्रश्न गेज कधी लावला हा आहे.

इंजिन बंद असताना दिसणारा दाब गॅस किती आहे हे सांगतच नाही. मंडलात थोडा जरी द्रव गॅस शिल्लक असेल, तरी थांबलेल्या गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए हा गॅस ३० अंश सेल्सिअसला सुमारे ९७ पीएसआय दाब दाखवतो. मंडलात ४५० ग्रॅम असो की २०० ग्रॅम, काटा तिथेच येतो. याउलट गाडी सकाळच्या गारव्यात उभी असेल तर भरलेल्या मंडलाचाही दाब कमी दिसतो. या आकड्यावरून गॅस ‘कमी’ ठरवणे हे निदान होऊ शकत नाही.

इंजिन चालू असतानाचा गेज मात्र फार काही सांगतो. अट एकच : दोष त्या क्षणी चालू असला पाहिजे. सुरतेच्या मे महिन्यात नीट चालणाऱ्या एसीत खालच्या बाजूचा दाब साधारण ३० ते ४५ पीएसआय आणि वरच्या बाजूचा २०० ते २५० च्या आसपास असतो. हवा कोमट झाली त्या वेळी दोन्ही काटे एकमेकांजवळ येऊन स्थिर झाले असतील, तर कॉम्प्रेसर फिरतच नाही. क्लच, रिले किंवा वायरिंग पाहावे. खालचा काटा शून्याखाली व्हॅक्यूमकडे गेला असेल, तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह अडला आहे. वरचा काटा ३५० च्या पुढे चढत असेल, तर कंडेन्सरमधून हवा जात नाही किंवा गॅस जास्त झाला आहे. खालचा दाब जास्त आणि वरचा कमी असेल, तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा कंट्रोल व्हॉल्व्ह कमजोर आहे. दोन्ही दाब योग्य असून हवा गरम असेल, तर दोष गॅसच्या मंडलाबाहेर, डॅशबोर्डच्या आत आहे. दोन्ही दाब कमी असतील तरच गॅस कमी असल्याचा संशय योग्य ठरतो. गेज हे उत्तम साधन आहे. पण त्याच्या सहा उत्तरांपैकी एकच वाचायचे ठरवले तर त्याचा उपयोग राहत नाही.

थोडा जास्त असला तर बरेच

चौथा युक्तिवाद म्हणजे, गॅस कमी नसला तरी थोडा जास्त भरल्याने नुकसान नाही, उलट कूलिंग वाढेल. हा चारही युक्तिवादांतला सर्वांत घातक आहे. जादा गॅस द्रवरूपात कंडेन्सरमध्ये साचतो. उष्णता बाहेर टाकायला उरलेली जागा घटते आणि वरच्या बाजूचा दाब चढतो. हा दाब साधारण ३० बारच्या आसपास गेला की प्रेशर सेन्सर कॉम्प्रेसर तोडतो. दाब उतरला की पुन्हा जोडतो. म्हणजे अधूनमधून गार होण्याच्या तक्रारीवर उपाय म्हणून भरलेला गॅसच अधूनमधून गार होण्याचे कारण बनतो. त्यावर पुन्हा गॅस भरला की कॉम्प्रेसरवरचा ताण आणखी वाढतो. द्रव गॅस कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर आतले भाग मोडतात, कारण द्रव दाबला जात नाही.

बॉनेटखालच्या पट्टीवर गॅसचा प्रकार आणि त्याचे वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. कंपनीने ग्रॅममध्ये सांगितलेली गोष्ट हाताला पाइप गार लागतो का यावरून ठरवण्याला काही आधार नाही. गॅस वजनकाट्यावर भरायचा असतो.

रस्ताच निदान करतो

एसी कधी बंद पडतो हे नीट विचारले तर अर्धे निदान गाडी उघडण्याआधीच होते. सुरत ते धुळे हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरचा प्रवास त्यासाठी पुरेसा आहे.

उधना दरवाजा ते सहारा दरवाजा या रिंग रोडच्या गर्दीत हवा कोमट होते आणि कडोदरा ओलांडून गाडीने वेग घेतला की पुन्हा गार होते, अशी तक्रार असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. वेगात असताना समोरून येणारा वारा पंख्याचे काम करतो. गर्दीत ते काम पंख्यालाच करावे लागते. पंख्याची मोटर, त्याचा रिले, दोन वेगांपैकी एक वेग बंद असणे, किंवा कंडेन्सरच्या पत्र्यांत भरलेला कचरा ही कारणे तपासावीत. पॉवरलूमच्या वस्त्यांतले तंतू आणि रस्त्याची धूळ यांचा थर कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मध्ये साचतो आणि समोरून दिसत नाही. इथे हलक्या पाण्याने केलेली सफाई गॅसच्या डब्याहून अधिक उपयोगी पडते.

सुरतेतून निघताना एसी उत्तम, पण बारडोली-व्यारा गाठेपर्यंत जाळीतून येणारा वारा मंद होत जातो, ब्लोअरचा आवाज तेवढाच राहतो, आणि दहा-पंधरा मिनिटे एसी बंद ठेवला की सारे पूर्ववत होते : ही बर्फ धरल्याची खूण आहे. किनाऱ्याजवळच्या दमट हवेत कूलिंग कॉइलवर भरपूर पाणी सुटते. गाडीखाली ठिबकणारे पाणी तेच. कॉइलचे तापमान साधारण १ ते ४ अंशांवर आले की तिच्यावरचा सेन्सर कॉम्प्रेसर थांबवतो. तो सेन्सर सरकला किंवा चुकीचे तापमान सांगू लागला, अथवा केबिन फिल्टर तुंबून हवा कमी झाली, की पाणी गोठते आणि हवेची वाट बंद होते. या गाडीत गॅस पुरेसा असतो.

कोंडाईबारी घाटाच्या चढणीवर एसी सुटत असेल, तर अनेकदा दोष नसतोच. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की लहान इंजिनांच्या गाड्यांत संगणक कॉम्प्रेसर काही सेकंद सोडतो, म्हणजे सगळी ताकद चाकांना मिळते. सीएनजीवर इंजिनाची ताकद कमी असल्याने पाय जास्त दाबावा लागतो आणि हे अधिक वेळा घडते. मात्र इंजिनाच्या तापमानाचा काटा चढत असेल, तर एसी बंद होणे ही इंजिन वाचवण्यासाठीची सूचना आहे. तिथे रेडिएटर आणि कूलंट पाहावे. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांत पट्टाच थांबतो, म्हणून हवा कोमट होते. तोही दोष नव्हे.

क्लचमधली फट

सुरतेच्या उन्हाळ्यात सर्वांत अधिक गोंधळात टाकणारा दोष मॅग्नेटिक क्लचचा आहे, म्हणून तो जवळून पाहण्यासारखा आहे. पट्ट्यावरची पुली सतत फिरत असते. तिच्यासमोर एक लोखंडी चकती असते आणि दोघांत साधारण अर्ध्या मिलिमीटरची फट असते. कॉइलला वीज मिळाली की चुंबक चकतीला ओढून पुलीला चिकटवतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. प्रत्येक वेळी चकती थोडी घासते आणि वर्षागणिक फट वाढत जाते. चुंबकाची ओढ अंतर वाढले की झपाट्याने घटते.

त्यात उष्णतेची भर पडते. तांब्याच्या तारेचा रोध तापमानाबरोबर वाढतो. २० अंशांना ३.६ ओहम असलेली कॉइल बॉनेटखाली १०० अंशांना सुमारे ४.७ ओहम होते. १२ व्होल्टवर तिच्यातला प्रवाह ३.३ अँपिअरवरून साधारण अडीच अँपिअरवर येतो, आणि ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती जवळजवळ ४० टक्क्यांनी घटते. सकाळी थंड कॉइल वाढलेली फटही ओलांडून चकती ओढते. एकदा चिकटलेली चकती फट उरली नसल्यामुळे तापल्यावरही धरून राहते. पण सेन्सरने एकदा कॉम्प्रेसर सोडला, की तापलेली कॉइल चकतीला पुन्हा ओढू शकत नाही. इंजिन निवेपर्यंत हवा कोमट राहते, आणि निवल्यावर मेकॅनिकसमोर एसी व्यवस्थित चालतो.

तपासणी सोपी आहे. हवा कोमट असताना क्लचच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. पूर्ण व्होल्टेज असून चकती फिरत नसेल, तर क्लच दोषी आहे. अनेक कॉम्प्रेसरांत पातळ वॉशर काढून फट पूर्ववत करता येते आणि नवा कॉम्प्रेसर लागत नाही. व्होल्टेजच येत नसेल, तर रिले, फ्यूज, प्रेशर सेन्सर आणि वायरिंग यांच्याकडे वळावे. या शहरात वायरिंगचा संशय विशेष धरावा लागतो. ऑगस्ट २००६ च्या तापीच्या महापुराने शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता, आणि मिठी खाडीच्या काठच्या वस्त्यांत पावसाळ्यात पाणी शिरणे नेहमीचे आहे. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या कनेक्टरांत महिन्यांनी हिरवट गंज धरतो. तो कधी वीज जाऊ देतो, कधी नाही.

डॅशबोर्डमधला दोष याहून शांत असतो. हवा गार ठेवायची की हीटरमधून न्यायची हे ठरवणारी झडप छोट्या मोटरने हलते. तिचे दाते तुटले की झडप अर्धवट उघडी राहते. बॉनेटखालचा जाड पाइप थंडगार, पण जाळीतून हवा कोमट, आणि डॅशबोर्डमागे टकटक असा आवाज, एवढ्यावरून ती ओळखता येते.

गॅस खरोखर कमी असेल तेव्हा

गॅस कमी होणे ही काल्पनिक गोष्ट नव्हे. कॉम्प्रेसर काही सेकंदांतच जोडतो आणि तोडतो, आठवड्यागणिक कूलिंग घटत जाते, आणि दोन्ही दाब कमी असतात, तेव्हा गळती आहे असे मानावे. पाइपांच्या सांध्यांवर किंवा कॉम्प्रेसरच्या तोंडाशी तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येते. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने, रंगद्रव्य टाकून किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने गळतीची जागा शोधता येते. पुष्कळदा ती एका ओ-रिंगमध्ये किंवा सर्व्हिस व्हॉल्व्हच्या लहानशा सुईत असते. गळती थांबवण्याचे म्हणून विकले जाणारे द्रव टाळावेत. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि गॅरेजची यंत्रे अडवतात.

दुरुस्तीनंतर व्हॅक्यूम घेणे हा सुरतेसारख्या दमट शहरात सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे, आणि घाईत तोच वगळला जातो. उघडलेल्या मंडलात बाष्प शिरते आणि कॉम्प्रेसरचे तेलही ते शोषून घेते. ३० अंशांवर पाणी उकळून निघून जायला दाब सुमारे ४२ मिलिबारच्या खाली, म्हणजे हवेच्या दाबाच्या पंचविसाव्या हिस्स्याखाली, उतरावा लागतो आणि तिथे निदान अर्धा तास टिकवावा लागतो. पाच मिनिटे पंप लावून हे होत नाही. आत राहिलेले पाणी एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्राशी गोठते आणि तक्रार पुन्हा तीच : थोडा वेळ गार, मग कोमट. घाईने भरलेल्या गॅसने नवा दोष निर्माण होण्याचा हा दुसरा मार्ग.

खर्च कोणाचा

तपासणी महाग आणि गॅस स्वस्त, असे शेवटी सांगितले जाते. एकदाच्या पावतीपुरते ते खरे वाटते. दर हंगामाला भरलेला गॅस, कोरड्या पडलेल्या कॉम्प्रेसरची दुरुस्ती आणि बिघडलेले प्रवास यांची बेरीज केली तर ते खोटे ठरते. गॅसबरोबर तेल जात राहिले की कॉम्प्रेसर झिजतो आणि त्याचा कीस सगळ्या मंडलात पसरतो.

हा खर्च गाडीमालकापुरताही राहत नाही. आर-१३४एची तापमानवाढीची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट धरली जाते. ४५० ग्रॅम गॅस हवेत गेला, तर तो सुमारे ६४० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा होतो. तेवढा वायू साधारण २८० लिटर पेट्रोल जाळल्यावर निघतो. अशा वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली. नव्या मध्यम आणि अवजड ट्रकांच्या कॅबिनला २०२५ पासून एसी बंधनकारक झाला आहे, म्हणून कापडाचे गठ्ठे घेऊन सुरतेबाहेर पडणाऱ्या ट्रकांचाही हा प्रश्न होणार आहे. भरत राहण्याची पद्धत जितक्या अधिक गाड्यांवर चालेल, तितकी ती अधिक महाग पडेल.

कुशल मेकॅनिकांना हे सारे माहीत असते. त्यांना तपासणीसाठी वेळ आणि त्या वेळाचे पैसे मिळत नाहीत, ही अडचण खरी आहे. म्हणून गाडीमालकाने तपासणीचा वेगळा मोबदला आनंदाने द्यावा. एसी कधी, कुठे, किती वेळाने बंद पडतो याची नोंद सोबत न्यावी आणि दोष चालू असतानाच गाडी दाखवावी. गॅस भरायचाच ठरला, तर आधी मंडलातून किती ग्रॅम निघाला आणि गळती कुठे सापडली, हे विचारावे. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत गॅस भरू देऊ नये.